पोरगं गप्प गप्प राहायला लागलं तर: सातारा-सांगलीच्या आईबापांसाठी

घरात एखादी शंभर पानी वही असेलच. तिची मागची चार पानं या कामाला घ्या. रोज रात्री पाच गोष्टी टिपायच्या: मूल किती वाजता झोपलं आणि कधी उठलं, जेवण किती गेलं, शाळा-क्लास झाला की बुडाला, कोणाशी खेळलं-बोललं, आणि दिवसभर मन कसं होतं. एका दिवसाला दोन ओळी पुरतात. असे चौदा दिवस लिहा. ही वही लपवायची नाही आणि पुरावा म्हणून मुलासमोर नाचवायचीही नाही.

चौदाच दिवस का? चाचणीत मार्क कमी पडले, मैत्रिणीशी बिनसलं, टीममधून नाव वगळलं, की मूल दोन-चार दिवस उतरतंच आणि आपोआप सावरतं. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, आवडीच्या गोष्टीतून मन उडालं आणि झोप, भूक, अभ्यास बिघडले, तर डॉक्टर नैराश्याच्या बाजूने तपासायला लागतात. तारखा हाताशी असल्या की 'हल्ली जरा बदललाय' या मोघम वाक्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आईबापांची नजर सगळ्यात जास्त चुकते ती चिडचिडीवर. मोठं माणूस खचलं की रडतं, गप्प बसतं, म्हणून आपण पोरांतही रडणंच शोधतो. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं खचलं तर ते बऱ्याचदा अंगावर येतं, ताट सरकवतं, दार आपटतं. मग 'मस्ती आलीया', 'वयच तसलं हाय' म्हणून विषय संपतो. वय तसलं असतं हे खरं, पण वयामुळे चिडणारं मूल मित्रांत गेलं की हसतं. जे ग्राउंडवर, ट्रिपला, वाढदिवसालाही खुलत नाही, त्याच्याकडे लक्ष द्या.

दुसरी खूण शरीरात दिसते. सोमवारी सकाळी पोटात दुखतं, दहा वाजता थांबतं, रविवारी दुखतच नाही. हे नाटक नसतं; भीतीने आतडं खरोखर आवळतं आणि दुखणंही खरंच असतं. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरज वाटली तर बी-१२ तपासून घ्या, कारण यांच्या कमी-जास्तीनेही मूल मरगळतं. रिपोर्ट चांगले आले की दर आठवड्याला नवा डॉक्टर शोधणं थांबवा आणि सोमवारी शाळेत काय असतं ते शोधा.

आपल्याच घरात असं कसं, हा प्रश्न मनातून काढून टाका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ पोरांच्या वर्गात साधारण चौघं.

काही गोष्टींसाठी मात्र चौदा दिवस थांबायचं नाही. मरणाची भाषा, स्वतःला इजा केल्याच्या खुणा, खाणं जवळपास बंद होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, किंवा दोन-तीन रात्री न झोपताही अंगात वारं भरल्यासारखं वागणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बोलायचं कसं

समोरासमोर बसवून, टीव्ही बंद करून, 'आज आपल्याला बोलायचंय' असं जाहीर केलं की मूल आधीच मिटतं. शेजारी-शेजारी राहून बोलणं सोपं जातं: गाडीवर मागे बसवून रानात जाताना, मटार सोलताना, धारा काढताना. नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि हातातलं काम संपलं की बोलणंही संपवता येतं, ही मुलाची सोय असते.

सुरुवात तुम्ही जे पाहिलंय त्यानेच करा. 'चार दिवस झाले, तू ग्राउंडला गेला नाहीस. जेवणही कमी झालंय. काय होतंय?' एवढं पुरे. 'तुला काय कमी केलंय आम्ही?' या प्रश्नाला उत्तरच नसतं. त्यात मुलाला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो आणि दुखणं राहून जातं. विचारून झालं की थांबा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. बहुतेक घरांत पाचव्या आकड्याला आई आणि सातव्याला वडील बोलायला लागतात, आणि मुलाची वेळ निघून जाते.

ते काही बोललंच तर पहिलं उत्तर सल्ल्याचं नको. ऐकलेलंच परत म्हणा: 'सर सगळ्यांसमोर बोलले, ते लागलं तुला.' मग विचारा, 'नुसतं ऐकू, का मी काही करायला हवंय?' पाटलांच्या पोराचं उदाहरण, आमच्या वेळी आम्ही चार मैल चालत जायचो, आणि 'एवढ्यावरनं कोण रडतं व्हय' या तिन्ही गोष्टी तोंडावर येतील. त्या गिळायच्या.

त्याने सांगितलेलं मावशीच्या फोनवर जाऊ देऊ नका. एकदा गेलं की पुढचं काही तुमच्यापर्यंत येत नाही. फक्त एक अपवाद आधीच सांगून ठेवा: 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल, ते मी तुला सांगून करीन.' आणि मूल आत्याशी किंवा आज्जीशीच बोलत असेल तर बोलू द्या. आपल्याशीच बोललं पाहिजे हा हट्ट आपल्या समाधानासाठी असतो.

दहाच्या आतल्या मुलांना शब्दांपेक्षा वेळ लागतो. रोज पंधरा मिनिटं त्याने निवडलेला खेळ, त्याने सांगितल्याप्रमाणे खेळायचा. प्रश्न विचारायचे नाहीत, सुधारणा सुचवायच्या नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी त्याने मार खाल्ला असेल, अभ्यास केला नसेल, तरी ही पंधरा मिनिटं कापायची नाहीत.

झोप आणि फोन

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, म्हणून पोराला अकराच्या आधी झोपच येत नाही. त्याला आळशी म्हणून भागत नाही. साडेसहाच्या क्लाससाठी पाचला उठणाऱ्या आणि बाराला झोपणाऱ्या बारावीच्या पोरीची झोप पाच तास होते. तिची चिडचिड, विसराळूपणा, रडू येणं यातलं किती नैराश्याचं आणि किती झोपेचं हे डॉक्टरलाही ठरवता येत नाही. तेव्हा आधी झोप दुरुस्त करा. क्लासची बॅच बदलता येते का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी येते, कुणी विचारत नाही एवढंच.

उठायची वेळ सातही दिवस जवळजवळ सारखी ठेवा, रविवारी फार तर तासभर सूट. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांवर नको. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात अवघड, कारण पाहुणा आला की कप सगळ्यांसमोर येतो.

फोनसाठी घरात एकच चार्जिंगची जागा करा, झोपायच्या खोलीबाहेर, आणि रात्री दहाला सगळ्यांचे फोन तिथे. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही. वडील अंथरुणात रील्स बघत असतील तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही. गजरासाठी फोन लागतो ही सबब येईल, साधं गजराचं घड्याळ आणून द्या. भांडणाच्या भरात फोन हिसकावणं, आपटणं मात्र टाळाच. फोनमध्ये त्याचे मित्र असतात. तो अचानक, अपमान करून काढून घेतला की काही पोरं त्या तिरीमिरीत जिवाचं बरंवाईट करून घेतात. उद्यापासूनचा नियम आज, शांतपणे सांगायचा.

शाळेला जातच नाही म्हणतं

इथे दिवस महत्त्वाचे असतात. घरी राहिलं की भीती लगेच उतरते, मुलाला सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच सुटणं उद्याची भीती वाढवतं. एक दिवस घरी राहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी कसंबसं जातं, पंधरा दिवस राहिलेलं रिक्षा बघूनच थरथरतं. म्हणून 'बरं वाटल्यावर जा' हा प्रेमाने दिलेला सल्ला उलटतो.

आधी कारण शोधा. शाळेत मारहाण, छळ, नको तो स्पर्श असं काही असेल तर मुलाला परत ढकलायचं नाही. आधी ते थांबवायचं, त्यासाठी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही बोलता येतं. कारण नुसतं भीतीचं असेल तर पायऱ्या पाडा. पहिले दोन दिवस गणवेश घालून फाटकापर्यंत जाऊन परत. मग ऑफिसात किंवा वाचनालयात अर्धा तास. मग आवडीचा एक तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर भीती चढेल आणि तिथेच थांबलं तर उतरेलही. ती उतरेपर्यंत थांबणं हेच औषध. भीती ऐन भरात असताना घरी आणलं तर ती पायरी वाया जाते. वर्गशिक्षकांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर 'आलास का एकदाचा!' अशा एका वाक्यावर सगळं मोडतं. घरी राहिलेल्या दिवशी टीव्ही-फोन नको आणि शिक्षाही नको. शाळेच्या वेळेत शाळेचंच काम.

छातीत धडधड, हातपाय गार, आता मरतो असं वाटणं, असा झटका आला तर जवळ बसा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. तुम्हीही सोबत घ्या. झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला जाऊन ओसरतो, हे मुलाला आधीच माहीत असलं तर निम्मी भीती कमी होते. पहिल्या वेळी मात्र हृदयाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या.

निकाल, नीट आणि भरती

सातारा-सांगली कोल्हापूर बोर्डात येतात आणि निकालाच्या दिवशी एक वाजता दोन्ही जिल्ह्यांतले फोन एकाच वेळी वाजतात. निकालाच्या आठवडाभर आधी, निकाल काहीही लागो पुढे काय करायचं हे मुलाशी बोलून ठेवा. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, हे मुलाला निकालाआधी माहीत असावं. त्या दिवशी घरातलं एक मोठं माणूस संध्याकाळपर्यंत मुलासोबत राहील अशी सोय करा आणि पाहुण्यांचे फोन तुम्ही घ्या. स्टेटसला मार्क टाकायचे का हे मुलाने ठरवायचं.

आपल्याकडे दबाव फक्त दहावी-बारावीचा नाही. पाचवीतल्या पोराला साताऱ्याच्या सैनिक स्कूलसाठी पहाटे उठवणारी घरं आहेत. १९६१ साली निघालेली ती देशातली पहिली सैनिक शाळा, तिचा अभिमान वाटणं साहजिकच आहे. पण सहावीची जागा हुकली म्हणून दहा वर्षांच्या पोराने स्वतःला नापास समजावं हे बरं नव्हे. परीक्षा देऊ द्या, पण 'नाही झालं तर?' याचं उत्तर फॉर्म भरतानाच सांगा.

नीटसाठी रिपीट करणारी मुलगी आणि पोलीस-आर्मी भरतीसाठी धावणारा पोरगा, या दोघांकडे घरचं लक्ष सगळ्यात कमी जातं, कारण ते 'तयारी करतात'. कॉलेज नाही, वर्ग नाही, जुने मित्र पुढे गेलेले. भरतीत एका सेंटिमीटरने किंवा एका मार्काने बाहेर पडलेला मुलगा गावात तोंड लपवत फिरतो. दोन गोष्टी करा: किती प्रयत्न द्यायचे हे आकड्यात ठरवा, आणि दुसरी वाट आत्तापासून चालू ठेवा, मग ती बाहेरून पदवी असो वा आयटीआय. होस्टेलवर असलेल्या मुलाला रोज 'किती मार्क पडले' ऐवजी 'जेवलास का, झोप झाली का' विचारा. उत्तर एकाच शब्दात यायला लागलं तर एसटी पकडा.

नदीकाठच्या घरांसाठी

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेली मुलं आता मोठी झाली असली, तरी काही जण पावसाचा जोर वाढला की झोपत नाहीत, दप्तर उशाशी घेऊन बसतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे पोरांना पाठ असतात. तासातासाचे व्हॉट्सॲप मेसेज त्यांच्यासमोर वाचू नका. त्याऐवजी घरचा बेत त्यांच्याकडून लिहून घ्या: किती फुटांना निघायचं, कोणाकडे जायचं, कोणती पिशवी कोण उचलणार, जनावरं कोण सोडणार. हातात काम असलेल्या मुलाची भीती आटोक्यात राहते. पाऊस संपून महिना उलटला तरी घाबरून जागं होणं चालूच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

जिवाचा प्रश्न येतो तेव्हा

शंका आली तर सरळ विचारा. 'जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला ओझं उतरल्यासारखं वाटतं. 'असलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं.

उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, रडून शपथा घालू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा आणि पुढचं विचारा: कसं करायचं हे ठरवलंय का, कधी, त्याची सोय जवळ आहे का. ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमची कडीही लावू द्यायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. वाटेत किंवा रात्री टेली-मानसला फोन लावा: १४४१६. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे. मुलाला स्वतः बोलता येतं, तुम्हालाही. तातडीच्या मदतीला ११२.

आता शेतकरी घरांसाठी, आणि हे सगळ्यात नीट वाचा. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं पडवीत, जिन्याखाली, कधी मोरीतच असतात. जिवावर उठण्याची लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. म्हणून औषधं घराबाहेर, लोखंडी पेटीत, कुलपात ठेवा. किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या कमरेला. उरलेलं अर्धं औषध पुढच्या हंगामासाठी साठवू नका, लागेल तेवढंच आणा. आज्जीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, उंदराचं औषध हेही त्याच कुलपात. मूल बरं दिसायला लागलं तरी कुलूप काढायचं नाही.

तसं काही घडलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने औषध श्वासनळीत जाऊ शकतं. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन करा, आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. कोणतं विष हे कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. पोलीस केस होईल या भीतीने 'चुकून पोटात गेलं' असं सांगतात, त्यात वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेसाठी खेचत नाहीत. डॉक्टरांना खरं सांगा.

हातावर बारीक कापल्याच्या खुणा, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, हेही दिसतं. प्रत्येक वेळी त्यामागे मरायचा विचार असतोच असं नाही, कित्येकदा मनातली घालमेल थांबवायचा तो मार्ग असतो. जखम स्वच्छ करा, रागवू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी झालेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो, त्याची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते. नोंदणीचा नंबर विचारायला लाजू नका. समुपदेशकाची पाटी तीन महिन्यांच्या कोर्सवरही लागते, म्हणून शिक्षण विचारा.

खर्चाची अडचण असेल तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपली सिव्हिलं. सकाळी लवकर केसपेपर काढून मानसोपचार ओपीडी विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक कोणत्या दिवशी येतं तेही विचारून ठेवा; एका फेरीची एसटी वाचते. सरकारी दवाखान्यातलं 'मैत्री' केंद्र १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच असतं. घरात दारूचा प्रश्न असेल, आणि मुलाच्या त्रासाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं, तर साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते.

देवऋषाकडे नेलं म्हणून कुणाला हिणवू नका, आज्जीचा जीव त्यात असतो. अंगारा लावायचा तर लावा. पण मारहाण, कोंडणं, उपाशी ठेवणं, डॉक्टरांकडे जाऊ न देणं याला नाही म्हणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या अघोरी प्रकारांना शिक्षा आहे.

पहिल्या भेटीला चौदा दिवसांची वही, जुने रिपोर्ट, शाळेचं प्रगतिपुस्तक घेऊन जा. रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार होता का, हे लपवू नका. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील. बाहेर बसा, आणि परत येताना 'काय काय सांगितलंस?' असं विचारू नका.

औषध सुरू झालं तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम यायला सहा ते आठ. दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पहिले काही आठवडे उलट जास्त लक्ष द्यायचे असतात: बेचैनी, अचानक चिडणं, मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन. नैराश्याच्या या गोळ्यांची सवय लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं होतं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. गोळ्यांची डबी तुमच्याकडे, एका वेळी एकच गोळी हातावर.

बारावीच्या परीक्षेआधी महिनाभर गोळी थांबवायचा हट्ट मूलच धरतं, कारण पेपरात झोप येईल अशी भीती असते. त्यावर औषध बंद करणं हा उपाय नाही. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते, पण ते डिसेंबरातच डॉक्टरांना विचारा. वाचायला-लिहायला त्रास असणाऱ्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो, त्याचं प्रमाणपत्र काढायला वेळ जातो. नववीतच मुख्याध्यापकांकडे विषय काढा.